जोडखोली

१

डबलकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त विम्याच्या कागदावर सापडायचं. बाकी जगासाठी ते डबलकाका. खिशात दोन पेनं, गळ्यात दोन किल्ल्या, डब्यात दोन चमचे. "एक गेलं तर?" हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न, आणि "दुसरं आहे की!" हे आयुष्यभराचं उत्तर. बायको म्हणायची, "नशीब, लग्न एकदाच केलंत." काका म्हणायचे, "दुसरी आणली असती गं, पण तीही तुझ्यासारखीच ओरडली असती. मग तिचा उपयोग काय?" यावर बायको हातात असेल ते भिरकावायची आणि काका ते झेलायचे. पस्तीस वर्षांत एकही वाटी फुटली नव्हती. एवढ्यावरून संसार कसा होता ते ज्यानं त्यानं ओळखावं.

शाळा त्यांची आठवीत सुटली. म्हणजे शाळेनंच त्यांना सोडलं, हात जोडून. पुढे वायरमनचं काम करता करता जी नोकरी मिळाली, ती मात्र जणू अंगाचं माप घेऊन शिवलेली. काम काय, तर लोकांच्या वेबसाइटी बंद पडू द्यायच्या नाहीत. एका दवाखान्याची, दोन शाळांची, एका फुलवाल्याची आणि लग्नं जुळवणाऱ्या एका बाईंची; तिच्यावर सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात कमी यश.

बुटांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक खोली, तिच्यात मशीनं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, छापखान्याच्या मागे, तश्शीच दुसरी खोली, तिच्यात तश्शीच मशीनं. तिला सगळे जोडखोली म्हणायचे. पहिल्या खोलीत जे जे होईल त्याची नक्कल जोडखोली बसल्या जागी उतरवून घ्यायची. शिवाय दर सेकंदाला पहिलीला विचारायची, "आहेस का?" पहिली म्हणायची, "आहे." तीनदा हाक मारून उत्तर आलं नाही, की जोडखोली समजायची, ही आडवी झाली. मग पदर खोचून सगळा कारभार स्वतः उचलायची. वेबसाइट बघत बसलेल्या माणसाला पापणी लवल्याचंही कळायचं नाही. अकरा वर्षांत एकही वेबसाइट एक मिनिटसुद्धा बंद पडली नव्हती.

हे सगळं उभं केलं इंजिनिअरबाईंनी. वयानं काकांच्या लेकीएवढ्या, बोलण्यात हेडमास्तर. त्यांचा एक नियम दोन्ही दारांच्या मागे चिकटवलेला होता: जे इकडे, ते तिकडे. स्क्रूड्रायव्हर इकडे तिसऱ्या खणात, तर तिकडेही तिसऱ्या खणात. घाईच्या वेळी हाताला शोधावं लागू नये. नियम शहाणपणाचा होता. काकांच्या हातात पडला आणि त्याचा तमाशा झाला. त्यांनी दोन्हीकडे एकच कॅलेंडर लावलं, एकसारखे कप ठेवले, खुर्चीवरच्या उशीला इकडे ठिगळ लागलं तर तिकडच्या धडधाकट उशीलाही बायकोकडून ठिगळ लावून घेतलं. नियमाखाली चाळीस वस्तूंची यादी होती. एकदा बाई सुटीवर असताना काकांनी तीत एक्केचाळिसावी ओळ घातली: "डबलकाका, नग दोन." बाई परतल्यावर पोट धरून हसल्या आणि त्यांनी त्या ओळीपुढेही बरोबरची खूण करून टाकली.

बाईंचं आणखी एक म्हणणं होतं: लिहिलं नाही ते घडलं नाही. म्हणून काकांच्या खिशात वही. घडेल ते वेळेसकट तीत लिहायचं, आणि दर गुरुवारी जोडखोलीत जाऊन आठवड्याचं सगळं तिथल्या वहीत हातानं उतरवायचं. मशीनं हे काम सेकंदात करायची; काकांना दोन तास लागायचे. त्यातला एक तास स्वतःचेच विनोद वाचून हसण्यात जायचा.

त्या गुरुवारी मात्र काकांचे पाय जमिनीला लागत नव्हते. सहा वर्षांनी लेक घरी येत होती, समुद्र ओलांडून, आणि तिच्यासोबत चार वर्षांची नात. नातीनं आजोबांना फक्त फोनवर पाहिलेलं. आजोबा फोनमध्येच राहतात, असा तिचा ठाम समज होता. तो आज पाच वाजता मोडायचा, एवढ्या एका कामासाठी काका सकाळपासून शीळ घालत होते.

२

शीळ घालण्याच्या नादातच सकाळी पहिल्या खोलीत कप टेबलाच्या कडेला आपटला आणि कान निखळून पडला. काकांनी कान बशीत ठेवला आणि वहीत लिहिलं: "९.४०. कपाचा कान तुटला. कप बहिरा." स्वतःच हसले, आणि दुपारी बसनं जोडखोलीकडे निघाले.

दोन वाजता त्यांनी कुलूप काढलं. आत नेहमीचा गारवा, मशीनांची नेहमीची गुणगुण, हिरवे दिवे लुकलुकताहेत. काका दिव्यांना म्हणाले, "काय मंडळी, बरं ना?" आणि टेबलाकडे वळले.

तिथला कप कानाशिवाय होता. कान बशीत.

काकांनी कान उचलून पाहिला. मग हसले. बाईच त्या! काका त्यांची थट्टा करतात, आज त्यांनी उट्टं काढलं. पहिल्या खोलीतला कप पाहून इथे आल्या असतील, हाही फोडून ठेवला असेल. त्यांनी कपाला बोट लावलं. तळाशी घोटभर चहा होता. कोमट.

आता, चहा कोमट असायला बाईच हव्यात असं काही नाही. खोली थंड, मशीनं गरम, कुठल्या तरी मशीनच्या वाऱ्यानं चहा कोमट राहत असेल. काकांनी स्वतःला हे समजावलं. स्वतःला पटलंही. मग ते खुर्चीत टेकले, आणि टेकल्या टेकल्या उठले. उशीवर मधोमध खळगा होता, आणि कपासारखाच तोही कोमट होता.

त्यांनी फोन लावला.

"बाई, तुम्ही जोडखोलीत आला होतात?"

"मी? महिना झाला काका, मी तिकडे फिरकलेही नाही. का?"

"कप फुटलाय."

"उंदीर असेल."

"उंदीर चहा करून पितो?"

"तुमच्या खोलीतला उंदीर, काका. तो दोन कप करून पीत असेल." बाई खिदळल्या. "वही उतरवा पटापटा. पावणेचारला चाचणी आहे. आणि लेकीला माझा नमस्कार सांगा."

काकांनी चौथा खण उघडला, जोडवही काढली, आठवड्याचं लिहायला कोरं पान शोधू लागले. कोरं पान लवकर सापडेना. शुक्रवार, शनिवार, सोमवार, सगळं लिहून झालेलं. अक्षर त्यांचंच, तो लंगडा 'क' सुद्धा. आणि शेवटी आजची तारीख:

"९.१०. कपाचा कान तुटला. कप बहिरा."

काकांना पहिल्यांदा भीती नाही वाटली. राग आला. विनोद चोरला म्हणजे काय! मग त्यांनी वेळ पुन्हा वाचली. नऊ दहा. त्यांचा कप तुटला नऊ चाळीसला. खाली होतं:

"१.३०. जोडखोलीत आलो. मंडळी बरी आहेत."

"१.४०. बाईंना फोन. म्हणाल्या, उंदीर."

आणि त्याच्याही खाली, शाई अजून ओलसर वाटावी अशी:

"१.५०. वही वाचली. आधी राग आला."

काकांनी घड्याळात पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

३

माणसाचं डोकं मोठं लबाड. काकांच्या डोक्यानं पाच मिनिटांत सात कारणं शोधली. घड्याळ पुढे असेल. आपणच मागच्या आठवड्यात झोपेत लिहिलं असेल. छापखान्यातल्या पोरांची गंमत असेल. प्रत्येक कारण दिसायला गोंडस होतं, आणि प्रत्येकाच्या मानेवर कोमट उशी बसलेली होती.

पावणेचारला चाचणी झाली. चाचणी म्हणजे बाईंनी तिकडे पहिल्या खोलीची केबल मुद्दाम उपटायची आणि इथे काकांनी बघायचं.

"काढतेय हं," बाई फोनवर म्हणाल्या. "एक, दोन, तीन!"

जोडखोलीतले हिरवे दिवे क्षणभर पिवळे झाले. आहेस का? आहेस का? आहेस का? मग पुन्हा हिरवे. काकांनी फोनवर फुलवाल्याची वेबसाइट उघडून ठेवली होती. तिच्यातलं गुलाबाचं पानही हललं नाही.

"उचललं!" काका ओरडले.

"लोण्यासारखं!" बाई तिकडून ओरडल्या. दोघांना दर वेळी असाच आनंद व्हायचा, पोरानं पहिल्यांदा सायकल चालवल्यासारखा.

"बाई, एक विचारू? जोडीतलं मशीन कधी पुढे असतं का?"

"कशाच्या पुढे?"

"पहिल्याच्या. म्हणजे पहिल्यानं करायच्या आधीच यानं करून टाकलं, असं."

"छे! नक्कल मागेच असणार. सेकंदभर, दोन सेकंद, पण मागे."

"आणि पुढे असलं तर?"

"तर ती नक्कल नव्हे काका. जे पुढे, ते मूळ. मग मागचं ते नक्कल. सोपं आहे."

"सोपं आहे," काका म्हणाले. फोन ठेवून त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात नेहमीचेच होते. डाव्या अंगठ्यावर जुन्या शॉकचा डाग होता. नक्कल असली तरी कारागिरी उत्तम होती.

एकाएकी त्यांना हसू फुटलं. साठ वर्षं दुसऱ्यांची थट्टा करण्यात गेली, आणि आज हे! हसता हसता एक विचार मात्र हाडांत शिरला. जो कोणी पुढे आहे तो आपल्याच घरी चाललाय. अर्धा तास आधी. नातीला पहिल्यांदा उचलून घेणारे हात कोणाचे असतील?

काकांनी जोडवही बगलेत मारली, कुलूप लावलं आणि साठीच्या पायांना झेपेल तेवढे पळत सुटले.

४

बस स्टॉपवरच्या पेपरवालीनं त्यांना बघून कपाळाला हात लावला.

"काका, पुन्हा? अर्ध्या तासापूर्वी तर बसमध्ये चढलात!"

"तो माझा भाऊ."

"तुम्हाला भाऊ आहे?"

"आजपासून," काका म्हणाले.

बस आली चार वीसला. खिडकीची जागा मिळाली. त्यांनी जोडवही उघडली. जोडखोलीत होतं त्याहून लिहिणं आता जास्त होतं.

"३.५२. खिडकीची जागा मिळाली. दिवस चांगला."

"४.०५. शेजारच्या आजी खांद्यावर झोपल्या. हललो नाही."

शेजारी खरंच एक आजी होत्या, टक्क जाग्या, विणकाम करत. काकांनी सुस्कारा सोडला. म्हणजे चुकतंय! आणि चार पस्तीसला आजींची मान कलली, सुया मांडीवर पडल्या आणि त्यांचं डोकं अलगद काकांच्या खांद्यावर आलं.

काका हलले नाहीत. तसंच फक्त डोळ्यांनी त्यांनी वहीत खाली पाहिलं. एक ओळ वाढली होती.

"४.३१. जिना. तिसऱ्या मजल्यावर दम लागला. कठड्याला टेकून लिहितोय. वरून नातीचा आवाज ऐकू ये"

तिथेच संपलं होतं. शेवटच्या अक्षरातून पेनाची रेघ निघून पानभर तिरकी खाली गेली होती, कडेपर्यंत.

काका वाट पाहत राहिले. चार चाळीस. चार पंचेचाळीस. पान तसंच.

फोन वाजला. बायको. मागे हसण्याचा नुसता धबधबा.

"आल्या हो दोघी! कधीच्या आल्यात! कुठे आहात तुम्ही?"

"तू सांग," काका आजी जाग्या होऊ नयेत म्हणून कुजबुजले. "मी आलोय का?"

"काय?"

"घरी. मी आलोय का घरी?"

"भांग प्यायलात का? आला असतात तर फोन कशाला केला असता! लवकर या, पोरगी फोनच्या मागे बघतेय, आजोबा कुठून बाहेर येतात म्हणून."

आला नव्हता. जिन्यापर्यंत पोचला होता आणि वर आला नव्हता. काकांना आनंद झाला, आणि आनंद झाला याची लगेच लाज वाटली. मग त्यांनी बाईंना फोन लावला.

"बाई, मूळ बंद पडलं तर?"

"काका, तुम्ही अजून मशीनांतच? तर मागचं असेल तिथून पुढे चालू. कुणाला कळतही नाही. अकरा वर्षं हेच करतोय ना आपण?"

"आणि मूळ ज्या चुकीनं पडलं, ती चूक?"

"ती पण नकलेत उतरते, वेळेत तोडलं नाही तर. मग दोघंही पडतात. म्हणून तर जागं राहायचं."

"तोडायचं कसं?"

"पुढच्यानं केलं ते मागच्यानं करायचं नाही. बस. आता घरी जा हो! नात आलीय ना?"

५

पाचला पाच कमी असताना काका घराच्या फाटकापाशी उभे होते. चार मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट नाही, जिन्याला लोखंडी कठडा. घर चौथ्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशी दुपारच्या उन्हाचा चौकोन पडला होता, आणि त्याच्या आत काळोख नव्हता, काही नव्हतं, नेहमीचा जिना होता. वरून हसण्याचे आवाज येत होते. त्यात एक आवाज अगदी छोटा, शिट्टीसारखा.

काकांचा एक पाय पायरीवर गेलासुद्धा. पाय असेच असतात, त्यांना घर कळतं, वही कळत नाही.

मग त्यांनी पाय मागे घेतला, फाटकाच्या ओट्यावर फतकल मारून बसले, तोंडाभोवती हातांचा कर्णा केला आणि बोंब ठोकली:

"ए पोरींनोऽऽ! खाली याऽऽ!"

चौथ्या मजल्यावर खिडकी उघडली. "वर या की!" बायको ओरडली.

"नाही येत! आज तुम्ही खाली या! मी रुसलोय!"

"कशावर?"

"ते खाली आलात की ठरवतो!"

वर आरडाओरडा, दार आपटल्याचा आवाज, चपलांचा गोंधळ. काकांचे कान जिन्याला चिकटले होते. चौथा मजला. तिसरा. तिथे पावलं थांबली. कठड्याला हात लावू नका, असं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पावलं पुन्हा धडधडत खाली सुटली, आणि जिन्यातून आधी एक लाल फ्रॉक, मग लेक, मग धापा टाकणारी बायको बाहेर आली.

नात समोर उभी राहिली. तिनं बोट पुढे करून काकांच्या नाकाला लावलं.

"जाड आहेत," ती आईला म्हणाली.

"फोनमध्ये बारीकच दिसतो मी," काका म्हणाले. "तिथे जागा कमी असते ना."

ती हसली, आणि काकांनी तिला उचललं. लेक त्यांच्या गळ्यात पडली. "बाबा, सहा वर्षांनी आले, आणि तुम्ही मला चार मजले उतरवता?" बायकोनं पाठीत एक धपाटा घातला. फाटकावरच्या त्या ओट्यावर पंधरा मिनिटं असा काही दंगा चालला की येणारीजाणारी माणसं उगाचच हसत पुढे जात होती.

६

वर जाताना काका सगळ्यांच्या मागे राहिले, भिंतीच्या बाजूनं चढत.

"अगं बाई!" तिसऱ्या मजल्यावर बायको थबकली. "हा कठडा कधी निखळला? सकाळी तर धड होता!"

"खाली उतरताना बघितला आम्ही," लेक म्हणाली. "म्हणून तर तेवढ्यापुरतं मी हिला उचलून घेतलं."

कठड्याचा एक तुकडा बाहेरच्या बाजूला लोंबत होता, अजून किंचित झुलत. खाली जिन्याचा खोल चौक. काकांनी तिथे डोकावून पाहिलं नाही. खिशातून केबल बांधायची पट्टी काढली, लोखंड ओढून जागेवर बांधलं, आणि तेही मान दुसरीकडे करून. मग घरात आले आणि दाराला आतून कडी लावली.

आणि मग काय मजा! लेकीनं सामान उपसलं. बायकोनं चहा टाकला. नातीनं आजोबांची तपासणी केली: दात खरे का, केस खरे का, पोटात काय ठेवलंय. काकांनी बोटातून बोट काढून दाखवलं, नाकातून नाणं काढून दाखवलं, कान हलवून दाखवले. पोरगी जमिनीवर लोळायला लागली. काकांना वाटलं, झालं, तोडलं. दोघंही पडणार होते, एक उरला. उरला तो मूळ की नक्कल, याची चौकशी करायला आता पुढे कोणीच नव्हतं. आपल्या पुढे कोणी नाही.

बिस्किटाचा तुकडा तोंडात असतानाच पुढचा विचार आला. पुढे कोणी नाही, आणि मागे?

एक मशीन पडलं की बाई काय करतात? दुसरं उभं करतात. उरलेल्याला एकटं ठेवत नाहीत. त्याच दिवशी.

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेपाचला पाच कमी. खोलीत सगळे एकदम बोलत होते. तेवढ्यात खालून, फाटकाच्या बाजूनं, एक खणखणीत आवाज आला. आवाज चांगला होता. जरा बसका, पण आनंदानं भरलेला.

"ए पोरींनोऽऽ! खाली याऽऽ!"

"आजोबांचा खेळ!" नात किंचाळली. टाळ्या पिटत ती उठली, स्टूल ओढून कडी काढली, आणि काकांचा हात तिच्या फ्रॉकला लागायच्या आत जिन्यात पसार झाली.

काका खिडकीशी गेले. खाली ओट्यावर एक माणूस बसला होता. इथून फक्त टक्कल दिसत होतं, त्याभोवतीची पांढरी झालर, आणि बगलेत एक वही. त्यानं वर पाहिलं नाही. अर्ध्या तासापूर्वी काकांनीही पाहिलं नव्हतं. जिन्याकडे कान लावून बसल्यावर वर कोण बघतं? त्याचे दोन्ही हात पसरलेले होते. लाल फ्रॉक उन्हात आला आणि सरळ त्या हातांत शिरला.

पोरीचं हसू चार मजले चढून वर आलं. एवढं हसू घरात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. लेक सामान उपसता उपसता थांबली आणि तीही हसायला लागली. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली, तिच्याही ओठांवर हसू होतं.

"अहो, एवढी कोणाशी खिदळतेय ती खाली?"

काका खिडकी धरून उभे होते. त्यांनाही हसू येत होतं, आवरत नव्हतं.

"माझ्याशी," ते म्हणाले.